अक्कांच्या ओटीवरचा गरम फ्यूज

विजेच्या बोर्डाला हात लावण्याआधी अक्का डोक्यावरून पदर घ्यायच्या. देवापुढं, थोरल्या दिरांपुढं आणि बोर्डापुढं, एवढ्या तीनच ठिकाणी त्यांचा पदर डोक्यावर जाई. मग कोनाड्यातून यजमानांच्या जुन्या खडावा काढून पायांत अडकवायच्या, ओटीवर दाराशेजारी पाट मांडायचा, खडावांसकट त्या पाटावर चढायचं, डावा हात पाठीशी घ्यायचा आणि उजव्या हाताची पालथी बोटं फ्यूजच्या चिनी मातीला अलगद टेकवायची. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही.

“पालथा हात का हो, अक्का?” मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

“सुलटा हात धरून बसतो. पालथा हात पळतो,” त्या म्हणाल्या, आणि पाटावरून उतरता उतरता म्हणाल्या, “लग्नाआधी हे कुणी सांगितलं असतं, तर सासरसुद्धा मी पालथ्या हातानंच बघितलं असतं.”

आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या, की एक खडाव पायातून निसटून थेट अंगणात गेली.

लढाईचे दिवस होते. मी पुण्याहून भोरला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी राजी नव्हतं. जिथं जाईन तिथं आधी आडनाव विचारत, मग ‘लग्न का नाही झालं’ विचारत, आणि मग खोलीच नाही म्हणून सांगत. शेवटी नीरेकडं उतरणाऱ्या आळीत अक्कांचं घर सापडलं. कपाळ मोकळं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात पेचकस. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि एकच प्रश्न टाकला.

“इस्त्री आहे?”

मला ‘स्त्री’ ऐकू आलं. म्हटलं, “म्हणजे काय! आहेच की. दिसत नाही का?”

“मग आपलं जमायचं नाही,” असं म्हणून त्यांनी दार लोटायला घेतलं.

मी रडकुंडीला आले. “अहो, पण मग तुमच्याकडं राहतं तरी कोण? पुरुषच?”

अक्का दाराच्या फटीतून माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांना काय झालंय ते उमगलं, आणि दार धरून त्या जमिनीवर बसल्या ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत राहिल्या. खोली मला त्या हसण्यावर मिळाली. अट एवढीच, की इस्त्री, शेगडी, पंखा, विजेवर चालणारं काहीही घरात आणायचं नाही. दिवा लावायचा, वाचायचं, विझवायचा.

अक्कांचे यजमान ओव्हरसियर होते. संस्थानात वीज आली तेव्हा आळीत पहिली जोडणी त्यांनी घेतली. नवी नवरी नाकात नथ घालून बसलेली असताना तिला फुलं-गजरे सोडून त्यांनी फ्यूजची तार कशी बांधायची ते शिकवलं. वर्षभरात ते तापानं गेले. “माणसानं दुसरं काय मागं ठेवलं?” असं कुणी हळहळलं, की अक्का बोर्डाकडं बोट दाखवत.

बोर्डावर चिनी मातीचे तीन फ्यूज होते. अक्का त्यांना वड्या म्हणत. एक ओटीची वडी, एक स्वयंपाकघराची, एक माडीची. तिन्हींच्या वर लोखंडी दांड्याचा मेन स्विच. तो त्या हातानं कधी पाडत नसत, लाटण्यानं पाडत. त्या वेळी बाजारात टाचणी मिळायची मारामार, तिथं फ्यूजची तार कुठून मिळणार? उरलेले तुकडे अक्कांनी आपल्या कुंकवाच्या करंड्यात जपून ठेवले होते. “रिकामा करंडा उगाच जागा अडवत होता,” म्हणायच्या.

बोर्डाचं हे वेड आपल्या घरापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण अक्का दुसऱ्यांच्या घरी गेल्या तरी त्यांचा पालथा हात शिवशिवायचा. एकदा आळीतल्या एका म्हाताऱ्या गेल्या म्हणून मी त्यांच्याबरोबर समाचाराला गेले. घरातल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या. अक्काही रडत होत्या. रडता रडता त्या मागं मागं सरकत भिंतीपर्यंत पोचल्या, पदराआडून हात वर गेला, आणि हुंदक्याच्या मधोमध आवाज आला, “अगं बाई, तुमची वडी तापलीय हो!” कर्ते चिरंजीव रडायचे थांबले. अक्कांनी तिथल्या तिथं स्क्रू आवळून दिला, डोळे पुसले आणि पुन्हा रडायला बसल्या. जाताना चिरंजीवांना म्हणाल्या, “नव्वद टक्के वेळा स्क्रू सैल असतो. माणसाचं आणि विजेचं सारखंच.”

आता घरातली बाकीची माणसं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. खाली मागच्या दोन खोल्यांत बंडोपंत आणि इंदूवहिनी. बंडोपंत संस्थानच्या कचेरीत कारकून, स्वभावानं परोपकारी, आणि परोपकार न विचारता करायची खोड. माडीवर पुढच्या खोलीत मी, आणि मागच्या खोलीत अक्कांचे थोरले दीर. त्यांना सगळे शास्त्रीबुवा म्हणत. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्रिकाळ संध्या, कडक सोवळं. त्यांच्या खोलीचा उंबरा आम्ही कुणी ओलांडायचा नाही. अक्का आणि ते एका घरात अनेक वर्षं राहत होते, पण एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. शास्त्रीबुवांना ताक हवं असलं तर ते जिन्यात उभे राहून भिंतीला सांगत, “आज ताक असतं तर बरं झालं असतं.” अक्का डोक्यावर पदर घेऊन चुलीला सांगत, “ताक आहे म्हणावं.”

चैत्र लागला, आणि माडीची वडी तापायला लागली.

अक्कांनी पालथा हात लावला आणि झटकन मागं घेतला. “तव्यासारखी झालीय,” म्हणाल्या. लगेच लाटण्यानं मेन पाडला, वडी निवू दिली. तापलेल्याशी आधी बोलू नये, आधी तोडावं, निवू द्यावं, मग विचारावं, हा त्यांचा नेम होता. स्क्रू तपासला. किंचित सैल होता, आवळला. अक्कांचा चेहरा खुलला. दुपारी पुन्हा हात लावला तर पुन्हा तवा! वडीचं तोंड घासून काढलं, तारेचं टोक नवं काढून बसवलं. संध्याकाळी फ्यूज उडाला. करंड्यातला एक तुकडा गेला. दोन दिवसांनी पुन्हा उडाला. आणखी एक गेला.

“स्क्रू घट्ट आहे, तार बरोबर आहे, म्हणजे ओढ जास्त आहे,” अक्का पाटावर उभ्या राहून म्हणाल्या. “माडीवर कुणीतरी काहीतरी लावतंय.”

माडीवर राहणारी माणसं दोन. त्यांतले एक शास्त्रीबुवा. तेव्हा अक्कांची नजर माझ्या साडीवर आली. माझ्या साड्या कडक घडीच्या असत. शाळेत हेडबाईंना चुरगळलेलं चालत नसे.

“या घड्या कशा पडतात?” अक्कांनी विचारलं.

“रात्री गादीखाली ठेवते.”

“गादीखाली!” अक्का म्हणाल्या. “इतकी तू जड नाहीस.”

मी शपथा घेतल्या. माझी ट्रंक उघडून दाखवली, गादी उलटी केली, खिडकीतून खाली अंगण दाखवलं की इथून मी काही टाकलेलं नाही. अक्का सगळं बघत होत्या आणि मान हलवत होत्या. इतक्या दिवसांत माझ्याशी त्या इतकं कोरडं कधी बोलल्या नव्हत्या. शेवटी जिन्यात थांबून म्हणाल्या, “वैशाखात दुसरीकडं खोली बघ, बाई. मला तू आवडतेस. पण घर लाकडाचं आहे.”

दुसरीकडं खोली! भोरात मला दुसरीकडं कुठं होती? खोली गेली म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे पुण्याला परत, मामांच्या घरी, त्यांनी काढलेल्या बिजवराच्या स्थळापुढं हात जोडून उभं राहायचं. मी ठरवलं, खरा चोर आपणच शोधायचा. शाळेला जायच्या आधी, मधल्या सुट्टीत घरी पळत येऊन, आणि शाळा सुटल्यावर, अशी मी अक्कांच्या नकळत जाऊन पालथा हात लावायला लागले. दोन-तीन दिवसांत लक्षात आलं. वडी पहाटे तापते, मग भर दुपारी, मग दिवेलागणीला. मधल्या वेळात थंडगार. पहाटे, दुपारी, दिवेलागणीला घरात काय होतं? वर मागच्या खोलीत पळी-पंचपात्राचा आवाज होतो आणि “केशवाय नमः” ऐकू येतं.

हे कळलं खरं. सांगणार कुणाला? अक्कांना जाऊन म्हणायचं, की तुमचे थोरले दीर संध्येच्या नावाखाली वीज चोरतात? त्यापेक्षा बिजवर बरा.

तरी मी आडून प्रयत्न केला. “अक्का, वडी संध्येच्या वेळेला तापते, असं नाही वाटत तुम्हाला?”

अक्कांनी करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “आचमनाला वीज लागत नाही.” विषय संपला. पण त्या दिवशी त्या बराच वेळ जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिल्या. बोर्डाची ज्यांना कधी भीती वाटली नाही, त्या अक्का ती पायरी चढून दिरांच्या खोलीपर्यंत जात नव्हत्या.

अशातच इंदूवहिनींचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरलं. ओटीवर पायऱ्यापायऱ्यांची आरास, वर पाळण्यात गौर, कलिंगडाची कमळं, कैरीच्या डाळीची पातेली. आख्खी आळी येणार. त्यात पलीकडच्या घरातल्या भागीरथीकाकूही येणार. भागीरथीकाकू म्हणजे आळीचं धर्मशास्त्र. कुणाच्या विहिरीतला पोहरा कुणी शिवला, याचा निकाल त्यांच्या ओसरीवर लागायचा. इंदूवहिनींची एकच इच्छा होती, की त्या संध्याकाळी दिवे जाऊ नयेत.

बंडोपंतांनी बायकोची इच्छा ऐकली, आणि अक्का नदीवर गेल्याचं बघून परोपकार केला. न विचारता.

संध्याकाळी ओटी बायकांनी भरली. नथी, अंबाडे, जरीचे पदर. मी पन्ह्याचे पेले फिरवत होते. डाळ वाटण्यापासून हरभरे भिजवण्यापर्यंत सगळं अक्कांनी केलं होतं, पण कुंकवाची वेळ झाली तशा त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या. ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, सांगावं लागतही नव्हतं. बंडोपंत बाहेर अंगणात. वर दिवेलागणीची संध्या सुरू झाल्याचा आवाज आला, आणि माझा हात आपोआप बोर्डाकडं गेला. वडीपर्यंत पोचायची गरजच पडली नाही. बोर्डाच्या लाकडाला घाम आल्यासारखे रोगणाचे फोड आले होते, आणि जळक्या रबराचा वास येत होता. भिंतीवरून माडीकडं गेलेल्या लाकडी पट्टीतून धुराची एक बारीक रेघ निघाली होती.

मी पेल्यांचं ताट भागीरथीकाकूंच्याच मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात पळाले. “अक्का! वडी नाही, सगळा बोर्ड तापलाय! धूर येतोय!”

अक्का उठल्या. माजघरात क्षणभर थबकल्या, कारण पुढं ओटीवर सवाष्णींची दाटी होती. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, खडावा चढवल्या, एका हातात पाट, एका हातात लाटणं, आणि खाड्‌खाड्‌ वाजवत त्या जरीच्या पदरांमधून सरळ चालत निघाल्या. “बाजूला. बाजूला हो गं. पाय आवर.” पाट मांडला, चढल्या, आणि लाटणं हाणलं. खट्!

अंधार झाला. गौरीपुढच्या समया तेवढ्या राहिल्या. बायका किंचाळल्या.

“कुणी हलू नका,” अक्का वरून म्हणाल्या, “पन्हं सांडेल.”

मेन बंद आहे याची खात्री करून त्यांनी सांडशी मागवली आणि माडीची वडी उपटून समईपुढं धरली. आत तांब्याची तार होती, चांगली जाडजूड.

“हे कुणाचं? ही तार आहे की बैलाचं दावं?”

अंगणातून बंडोपंतांचा बारीक आवाज आला, “मी... कचेरीत पडली होती. तिन्ही वड्यांतली जुनी काढून टाकून हीच घातली. म्हटलं, आज तरी फ्यूज उडू नये.”

“उडू नये? अहो, उडण्यासाठीच असते ती! ती उडते म्हणून घर उडत नाही!”

बंडोपंत अंगणातल्या तुळशीमागं गेले असावेत, कारण पुढं बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. अक्का आणखी बोलणार, इतक्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली, आणि आमचे शास्त्रीबुवा, ज्यांनी इतकी वर्षं फक्त भिंतीशी बोलणं केलं होतं, ते सोवळ्याचा मुकटा सावरत, उपरण्याची झोळी छातीशी धरून, सवाष्णींनी भरलेल्या ओटीवर येऊन उभे राहिले आणि थेट अक्कांकडं बघून ओरडले,

“अगं, वीज का घालवलीस? पिल्लं गारठतील की माझी!”

झोळीतून आवाज आला, “चिव.”

अक्कांच्या हातून सांडशी पडली. भागीरथीकाकू मांडीवर ताट घेऊन तशाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, पिल्लं कसली?”

“कोंबडीची,” शास्त्रीबुवा म्हणाले. एकदा म्हणून झाल्यावर मग त्यांना लपवण्यासारखं काही राहिलं नाही. जवळच्या उत्रोली गावाला ते फिरत गेले होते, तिथं त्यांची जमीन कसणारं कूळ, धोंडिबा. त्याची अंड्यावर बसलेली कोंबडी मुंगसानं नेली. अंडी गार पडत चालली होती. शास्त्रीबुवांनी त्यांतलं एक कानाला लावलं, तर आत काहीतरी हललं. मग त्यांना ती तिथं सोडून येववेना. ती त्यांनी उपरण्यात बांधून भर बाजारातून घरी आणली. भाताच्या तुसात टोपली केली, खाली ऊन पाण्याचं घंगाळ ठेवलं. पाणी तापवायला निखारे मागितले असते तर चूल विचारणार, निखारे कशाला. म्हणून माळ्यावर पडलेली भावाची विजेची शेगडी काढली आणि दिव्याच्या होल्डरातून लावली.

“तीन वेळा?” अक्कांनी विचारलं. आता त्याही भिंतीशी बोलत नव्हत्या.

“वेळ चुकू नये म्हणून. संध्येबरोबर लक्षात राहायचं.”

अक्का पाटावरून वळून माझ्याकडं बघायला लागल्या. “मग तुझ्या साड्या?”

“गादीखाली.”

“खरंच गादीखाली?”

“खरंच.”

“मग तसं सांगायचं नाही का आधी!”

सगळ्या बायका भागीरथीकाकूंच्या तोंडाकडं बघत होत्या. ब्राह्मण आळी, चैत्रगौर, सोवळ्यातला शास्त्री, आणि कोंबडीची अंडी. त्यांनी एक शब्द काढला असता तर दुसऱ्या दिवसापासून या घरचं पाणी बंद झालं असतं. इंदूवहिनी तर रडायलाच लागल्या होत्या.

“शास्त्रीबुवा,” काकू म्हणाल्या, “अंडी? देवाधर्माच्या घरात?”

“काकू, आत जीव होता,” शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांची मान ताठ होती. “आधी बाहेर येऊ दे म्हटलं. जात मग विचारू.”

ओटीवर चिटपाखरू बोलेना. बोललं ते झोळीतलंच पाखरू. “चिव” करून ते उपरण्याच्या कडेवर आलं, तिथून घसरलं, आणि थेट आराशीच्या खालच्या पायरीवर, कलिंगडाच्या कमळात जाऊन बसलं. ओलसर, डोक्यावर चार पिसं उभी. ते गौरीकडं बघत होतं आणि सगळी आळी त्याच्याकडं.

काकूंनी मांडीवरचं ताट खाली ठेवलं. पुढं सरकल्या. निरखून पाहिलं. आणि म्हणाल्या, “चैत्रातली माहेरवाशीण आहे. हाकलता यायची नाही. बाकीची किती निघालीत?”

“चार-पाच. उरलेली टोचा मारतायत,” शास्त्रीबुवा घाईघाईनं म्हणाले. “पण ऊब हवी!”

तेव्हा सगळ्या अक्कांकडं बघायला लागल्या. अक्कांनी बाकीच्या दोन वड्याही उपटल्या आणि मला करंडा आणायला पाठवलं. त्यात तारेचा अखेरचा तुकडा होता, एका वडीपुरता. ओटीला लावला तर हळदीकुंकू उजेडात होणार होतं. इंदूवहिनी डोळे पुसत बघत होत्या, त्यांच्या पदराची जर अंधारात दिसतसुद्धा नव्हती.

अक्कांनी माडीची वडी उचलली.

“आज वीज बाळंतिणीला,” त्या म्हणाल्या. “तुमचं कुंकू समईत होतं. भावोजी, शेगडी नाही लावायची. मोठा दिवा लावा, टोपलीवर खाली ओढून धरा, पिल्लांना तेवढं पुरे.”

तार बांधली, वडी बसवली, मेन वर केला. जिन्याच्या वरून पिवळा उजेड उतरला, आणि शास्त्रीबुवा पायऱ्या दोन-दोन करून वर पळाले. त्यांच्या मागं भागीरथीकाकू. काकूंच्या मागं आख्खी आळी. ज्या खोलीचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता तिथं जरीच्या पदरांची गर्दी झाली. कुणी टोपली धरली, कुणी पदरानं वारा अडवला, कुणी तुसाची मूठ टाकली. दर वेळी कवच फुटलं की “निघालं गं बाई!” असा गलका होई, आणि खाली समईपुढं इंदूवहिनी वाट बघून बघून कुंकवाचं तबक घेऊन अखेर वरच आल्या. हळदीकुंकू झालं ते पिल्लांच्या टोपलीभोवती.

अक्का पाटावर उभ्या राहून वडीला पालथा हात लावून बघत होत्या. मी खाली येऊन विचारलं, “तापतेय?”

“नाही. थंड आहे,” त्या म्हणाल्या आणि तिथंच पाटावर बसल्या. मग हसायला लागल्या. मीही. आम्ही दोघी इतक्या हसलो, की वरून काकूंनी दटावलं, “हळू गं, पिल्लं दचकतात!”

काही दिवसांनी धोंडिबा आला. टोपलीतली पिल्लं बघून तो अंगणातच मटकन बसला. “आवं शास्त्रीबुवा, म्या म्हनलं, तुमी अंडी न्हेली ती गपचिप खायाला न्हेली. म्हनलं, मानूस लई भला, पर आता नाद लागला. कुनाला बोललो न्हाई बगा म्या!” शास्त्रीबुवांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पिल्लं उत्रोलीला गेली. ती जन्मापासून संध्या ऐकत आलेली, ती ‘आ आ’ म्हटलं तर येईनात. धोंडिबाची बायको मोठी हुशार. सांजेला दाणे टाकताना ती अंगणात उभी राहून हाळी द्यायची, “क्येशवाय नमाऽऽ!” आणि सगळ्या कोंबड्या पळत यायच्या.

माझी खोली राहिली. त्याबद्दल अक्का पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत, मी वैशाखात जायचं होतं हे जणू त्यांनी म्हटलंच नव्हतं. फक्त एकदा, माझ्या उशाशी एक जादा गादी आणून टाकली. “जड होईल,” एवढंच म्हणाल्या.

पुढल्या वर्षी मार्गशीर्षात भागीरथीकाकूंच्या नातीचं लग्न निघालं. गोरज मुहूर्त. मांडवभर दिव्यांच्या माळा, कर्णा, सनई. दुपार कलताना काकूंचा गडी धावत आला. “अक्कासाब, चला. बोरडातनं ठिनग्या उडत्यात. काकूंनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय.”

अक्कांनी पेचकस घेतला. मी बरोबर निघाले. काकूंच्या घराशी आलो तर दारात तोरण, उंबऱ्यावर रांगोळी, आणि पुढं सवाष्णींची लगबग. अक्का रस्त्यावरच थबकल्या. मग नेहमीप्रमाणं बाजूच्या बोळानं मागच्या दाराकडं वळल्या. लग्नघरी त्या कधीच पुढून जात नसत. गेल्या तर स्वयंपाकाला, आणि त्याही मागून.

“अगं ए!” काकूंची हाक आली. त्या शालू नेसून पुढच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “बोर्ड इकडं आहे. मागून कुठं निघालीस?”

अक्का बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. “काकू, लग्नघर आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

“ठाऊक आहे. माझंच आहे. ये.”

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. पदर डोक्यावरून घेतला. चपला काढल्या, रांगोळीला पाय लागू नये म्हणून नऊवारी आवरून धरली, आणि पुढच्या दारानं आत गेल्या. आत नवरी मुंडावळ्या बांधून उभी होती, ती वाकून नमस्कार करायला लागली. अक्का गडबडल्या. इतक्या गडबडलेल्या मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. हात आशीर्वादाला अर्धा वर गेला आणि तिथंच राहिला.

मग भिंतीवर चर्र आवाज झाला आणि एक ठिणगी पडली.

“ऊठ गं, ऊठ,” अक्का एकदम स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, “नमस्कार नंतर कर. आणि ती सनई थांबवा कुणीतरी, मला नीट ऐकू येत नाहीये.”

सनई थांबली. वऱ्हाडी, भटजी, व्याही, सगळा मांडव गप्प उभा राहिला, आणि अक्का बोर्डाजवळ कान नेऊन ऐकू लागल्या.